गोजे बेट

गोजे हे दक्षिण कोरियाच्या आग्नेय किनाऱ्याजवळील एक बेट असून ते दक्षिण ग्यॉंगसांग प्रांतात मोडते. आकारमानाने ते जेजूनंतर देशातील दुसऱ्या क्रमांकाचे बेट आहे. हे बेट आणि त्याच्या भोवतालची अनेक लहान बेटे मिळून गोजे शहर हा प्रशासकीय विभाग तयार होतो. कोरियन युद्धाच्या काळातील इंग्रजी लेखनात या बेटाचा उल्लेख 'कोजे-दो' असा आढळतो. कोरियन भाषेत 'दो' म्हणजे बेट.

आजच्या पर्यटकांना गोजे प्रामुख्याने दोन कारणांसाठी ठाऊक आहे. 'विंटर सोनाटा' या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा शेवट येथील वेदो या उपबेटावर चित्रित झाला, हे पहिले कारण. कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने उभारलेली सर्वांत मोठी युद्धकैद्यांची छावणी येथे होती, हे दुसरे. छावणीतील कैद्यांनी युद्धानंतर कोठे जावे, या प्रश्नावर शस्त्रसंधीची बोलणी दीर्घकाळ अडून राहिली आणि तो प्रश्न सोडवण्याच्या कामात पुढे भारतीय सैन्याचा प्रत्यक्ष सहभाग होता.

भूगोल

गोजेचा किनारा अतिशय दंतुर आहे. खोल आत शिरलेल्या खाड्या, समुद्रात घुसलेली भूशिरे आणि मध्यभागी डोंगररांगा अशी बेटाची रचना आहे. गारासान (५८५ मीटर) हे सर्वोच्च शिखर असून ग्येर्योंगसान हा डोंगर गोह्यॉन या मुख्य शहरी वस्तीच्या पाठीशी उभा आहे. हवामान कोरियाच्या मुख्य भूमीपेक्षा सौम्य असल्यामुळे येथे कॅमेलियाची झाडे मोठ्या प्रमाणात वाढतात आणि ऐन हिवाळ्यातही फुलतात. दक्षिण किनाऱ्याचा बराचसा भाग हाल्ल्यो सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो.

खोल पाण्याच्या सुरक्षित खाड्यांमुळे १९७० च्या दशकापासून येथे जहाजबांधणीचा उद्योग उभा राहिला. ओक्पो आणि गोह्यॉन येथील गोद्या जगातील मोठ्या गोद्यांमध्ये गणल्या जातात. बेटाची अर्थव्यवस्था मुख्यतः याच उद्योगावर अवलंबून आहे. त्याखालोखाल मासेमारी आणि पर्यटन यांचा वाटा आहे.

सोळाव्या शतकातील नौदल युद्धे

जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीने १५९२ मध्ये कोरियावर स्वारी केली. त्याच वर्षी ओक्पोच्या खाडीत कोरियन नौदलप्रमुख यी सुन-शिन याने जपानी जहाजांचा पराभव केला. हा त्याच्या विजयमालिकेतील पहिला विजय मानला जातो. पाच वर्षांनी, १५९७ मध्ये, गोजेला लागूनच असलेल्या चिलचॉन बेटाजवळील सामुद्रधुनीत कोरियन आरमाराचा जवळजवळ संपूर्ण नाश झाला. त्या वेळी यी सुन-शिन पदच्युत होता व आरमाराचे नेतृत्व वॉन ग्युन याच्याकडे होते. या पराभवानंतर यी सुन-शिनला पुन्हा नौदलाची सूत्रे देण्यात आली. ओक्पो येथे विजयाचे स्मारक-उद्यान आहे, तर चिलचॉन बेटावर पराभवाचीही स्मृती जतन करण्यात आली आहे.

जपानी राजवटीचा काळ

कोरिया १९१० ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात होता. गोजेच्या पूर्व किनाऱ्याजवळील जिसिम या छोट्या बेटावर १९३० च्या दशकात जपानी सैन्याने लष्करी ठाणे उभारले. तेथील रहिवाशांना हलवण्यात आले आणि बेटावर तोफांचे चौथरे, दारूगोळ्याची कोठारे व शोधदिव्यांची ठिकाणे बांधण्यात आली. युद्धानंतर हे बेट दीर्घकाळ दक्षिण कोरियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या मालकीचे होते. २०१७ मध्ये ते गोजे शहराकडे सोपवण्यात आले. आज ते कॅमेलियाच्या दाट राईसाठी प्रसिद्ध आहे. राईतून जाणाऱ्या पायवाटेवरच तोफांचे काँक्रीटचे चौथरे पाहावयास मिळतात.

हुंगनामचे निर्वासित

कोरियन युद्धास २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या आक्रमणाने सुरुवात झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी सैन्य युद्धात उतरल्यानंतर ईशान्य भागात अडकलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजांना हुंगनाम बंदरातून समुद्रमार्गे माघार घ्यावी लागली. डिसेंबर १९५० मध्ये पार पडलेल्या या माघारीत सुमारे एक लाख सैनिकांबरोबरच जवळजवळ तितक्याच नागरिकांना दक्षिणेकडे आणण्यात आले. त्यांपैकी अनेकांना गोजे बेटावर उतरवण्यात आले.

या माघारीतील 'मेरेडिथ व्हिक्टरी' या अमेरिकी मालवाहू जहाजाचा प्रवास विशेष प्रसिद्ध आहे. केवळ १२ प्रवाशांची सोय असलेल्या या जहाजात कप्तान लिओनार्ड लारू यांनी सुमारे १४,००० निर्वासितांना घेतले. कडाक्याच्या थंडीत, अन्नपाण्याची पुरेशी व्यवस्था नसताना झालेल्या या प्रवासात एकही निर्वासित दगावला नाही. उलट पाच बालके जहाजावरच जन्मली. अमेरिकी खलाशांनी त्यांना 'किमची' आणि क्रमांक अशी टोपणनावे दिली होती. बुसान शहर निर्वासितांनी आधीच भरून गेलेले असल्याने जहाज गोजेकडे वळवण्यात आले आणि नाताळच्या सुमारास जांगसुंगपो येथे निर्वासित उतरले.

दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन (कार्यकाळ २०१७–२०२२) यांचे आईवडील याच माघारीत दक्षिणेत आले होते. मून यांचा जन्म १९५३ मध्ये गोजे येथे झाला. माजी राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम (कार्यकाळ १९९३–१९९८) हेही मूळचे गोजेचेच.

युद्धकैद्यांची छावणी

स्थापना आणि रचना

१९५० च्या शरद ऋतूत युद्धाचे पारडे फिरल्यावर उत्तर कोरियाचे सैनिक मोठ्या संख्येने संयुक्त राष्ट्रांच्या हाती लागले. त्यांना आरंभी बुसान परिसरात ठेवण्यात आले होते. बंदराच्या शहरात इतके कैदी ठेवणे धोक्याचे वाटल्यामुळे त्यांना समुद्राने वेढलेल्या गोजे बेटावर हलवण्याचा निर्णय झाला. १९५१ च्या प्रारंभापासून गोह्यॉन आणि आसपासच्या खोऱ्यांतील शेतजमिनी ताब्यात घेऊन तंबूंची वसाहत उभारण्यात आली. तेथील ग्रामस्थांना घरे सोडावी लागली.

छावणीतील कैद्यांची संख्या वाढत जाऊन सुमारे १ लाख ७० हजारांवर पोहोचली. त्यात जवळजवळ दीड लाख उत्तर कोरियाचे व सुमारे २० हजार चिनी सैनिक होते. काही शे स्त्री-कैदीही होत्या. उत्तर कोरियाच्या सैन्यातून पकडलेले सर्वच जण मूळचे उत्तरेचे नव्हते. दक्षिणेचा मोठा प्रदेश उत्तरेच्या ताब्यात असताना बळजबरीने भरती केलेले दक्षिणेतील तरुणही त्यांत होते. निर्वासितांची भर पडल्यामुळे बेटावर मूळ रहिवाशांपेक्षा बाहेरून आलेल्यांची संख्या अधिक झाली.

प्रत्यावर्तनाचा वाद

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्ध संपताच कैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवणे बंधनकारक होते. मात्र गोजेतील अनेक कैदी परत जाण्यास तयार नव्हते. अमेरिकेने जानेवारी १९५२ मध्ये ऐच्छिक प्रत्यावर्तनाचे तत्त्व मांडले. ज्याला परत जायचे नसेल त्याला बळाने पाठवू नये, असे त्याचे स्वरूप होते. उत्तर कोरिया आणि चीन यांनी ते अमान्य केले. शस्त्रसंधीच्या इतर बहुतेक मुद्द्यांवर सहमती होत आली असतानाही या एका प्रश्नामुळे बोलणी वर्षाहून अधिक काळ रखडली आणि तोवर आघाडीवरील लढाई चालूच राहिली.

या वादाचे पडसाद छावणीत हिंसेच्या रूपाने उमटले. एका कुंपणात हजारो कैदी असत आणि आतील व्यवहारावर रक्षकांचे नियंत्रण नाममात्र होते. काही कुंपणे साम्यवादी गटांच्या, तर काही साम्यवादविरोधी गटांच्या ताब्यात गेली. दोन्ही बाजूंनी आतील कैद्यांवर दहशत बसवली. मारहाण, गुप्त खटले आणि हत्या नित्याच्या झाल्या. त्यामुळे 'तुला परत जायचे आहे काय' या प्रश्नाला कैद्याने दिलेले उत्तर कितपत स्वेच्छेचे होते, हा मुद्दा इतिहासकारांमध्ये आजही चर्चिला जातो.

१८ फेब्रुवारी १९५२ रोजी कुंपण क्रमांक ६२ मध्ये कैद्यांची छाननी करण्यासाठी गेलेल्या अमेरिकी तुकडीशी झालेल्या संघर्षात सत्तरहून अधिक कैदी आणि एक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. एप्रिलमधील छाननीनंतर एकूण कैद्यांपैकी सुमारे ७० हजारच परत जाऊ इच्छितात, असा आकडा पुढे आला. तो अपेक्षेपेक्षा फारच कमी असल्याने उत्तर कोरिया व चीन यांचा विरोध अधिक तीव्र झाला.

डॉड प्रकरण

७ मे १९५२ रोजी छावणीचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रान्सिस डॉड हे कुंपण क्रमांक ७६ च्या दाराशी कैद्यांच्या तक्रारी ऐकत असताना कैद्यांनी त्यांना आत ओढून नेले आणि ओलीस ठेवले. कैद्यांनीच छावणीप्रमुखाला पकडल्याची ही घटना जगभर गाजली. डॉड यांच्या जागी आलेले ब्रिगेडियर जनरल चार्ल्स कोल्सन यांनी कैद्यांच्या मागणीवरून एक निवेदन दिले. छावणीत रक्तपात झाल्याची कबुली आणि पुढे बळजबरीची छाननी न करण्याचे आश्वासन त्यात होते. १० मे रोजी डॉड यांची सुटका झाली. अमेरिकी लष्कराने हे निवेदन दबावाखाली दिलेले म्हणून फेटाळले आणि डॉड व कोल्सन या दोघांनाही कर्नलच्या हुद्द्यावर खाली आणले.

त्यानंतर ब्रिगेडियर जनरल हेडन बोटनर यांच्याकडे छावणीचा कारभार आला. १० जून १९५२ रोजी छत्रीधारी सैनिकांच्या मदतीने कुंपण क्रमांक ७६ मोडून काढण्यात आले. या कारवाईत तीसहून अधिक कैदी मारले गेले. नंतर मोठी कुंपणे फोडून कैद्यांची लहान लहान गटांत विभागणी करण्यात आली आणि अनेकांना अन्य बेटांवर व मुख्य भूमीवर हलवण्यात आले.

भारतीय रक्षक दल

प्रत्यावर्तनाच्या पेचावर तोडगा म्हणून १९५३ मध्ये तटस्थ राष्ट्रांचा प्रत्यावर्तन आयोग स्थापण्यात आला. भारत त्याचा अध्यक्ष होता आणि लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या यांनी हे पद सांभाळले. परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांना काही काळ तटस्थ देखरेखीखाली ठेवावे, त्या काळात त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावून सांगावे आणि मगच कैद्यांनी अंतिम निर्णय घ्यावा, अशी ही व्यवस्था होती.

मात्र करार होण्यापूर्वीच, १८ जून १९५३ रोजी, दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी परत न जाऊ इच्छिणाऱ्या सुमारे २७ हजार कोरियन कैद्यांना परस्पर सोडून दिले. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. त्यानंतर ७५ हजारांहून अधिक कैदी उत्तरेकडे परत पाठवण्यात आले. परत जाण्यास नकार देणारे २२,६०० च्या आसपास कैदी भारतीय रक्षक दलाच्या हवाली करण्यात आले. दुसऱ्या बाजूकडून अशा ३५९ कैद्यांना सोपवण्यात आले.

या रक्षक दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे मूळचे कोल्हापूर परिसरातील होते. भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देण्यास ऱ्ही सरकारने नकार दिला. त्यामुळे त्यांना इंचॉन बंदरातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. तेथील भारतीय तळाला 'हिंद नगर' असे नाव होते. गोजेच्या छावणीत ज्या गटबाजीने बळी घेतले तीच कैद्यांबरोबर येथेही आली होती. रक्षकांची कोंडी करण्याचे प्रयत्नही कैद्यांनी केले.

जानेवारी १९५४ मध्ये देखरेखीची मुदत संपल्यावर बहुतेक कोरियन कैदी दक्षिण कोरियात आणि बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले. थोड्या कैद्यांनी मायदेशी परतण्याचा निर्णय घेतला. ८८ जणांनी उत्तर, दक्षिण, चीन आणि तैवान यांपैकी काहीही न निवडता तटस्थ देश मागितला. ते भारतीय दलाबरोबर समुद्रमार्गे भारतात आले. त्यांच्यातील अनेक जण पुढे ब्राझील व अर्जेंटिना येथे स्थायिक झाले.

छावणीचे अवशेष आणि ऐतिहासिक उद्यान

युद्धानंतर छावणी बंद झाली, जमिनी पुन्हा शेतीखाली आल्या आणि पुढे गोह्यॉन शहराच्या वाढीत बराचसा परिसर झाकला गेला. उरलेल्या अवशेषांना १९८३ मध्ये प्रांतिक पातळीवर सांस्कृतिक वारशाचा दर्जा देण्यात आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे संग्रहालय सुरू झाले आणि पुढील काळात त्याचा विस्तार होऊन ऐतिहासिक उद्यान तयार झाले.

मूळ अवशेषांत रक्षक दलाच्या प्रमुखाचे कार्यालय, सैनिकांचे दुकान, नृत्यगृह अशा इमारतींच्या छप्पर नसलेल्या भिंती पाहावयास मिळतात. या इमारती रक्षकांच्या असल्यामुळे पक्क्या बांधणीच्या होत्या. कैद्यांची वस्ती तंबूंची असल्याने तिचे फारसे काही शिल्लक राहिले नाही. कैद्यांचे तंबू, स्वयंपाकाची जागा, शौचकूप इत्यादी जे उद्यानात दिसते ते पुनर्निर्मित आहे. मूळ अवशेष आणि प्रतिकृती यांतील हा फरक लक्षात घेतल्यास उद्यान समजून घेणे सोपे जाते.

रणगाड्याच्या आकाराचे दालन, छावणीच्या एकंदर मांडणीची प्रतिकृती, डॉड यांच्या अपहरणाचे दृश्य आणि मोडलेल्या तेदोंग नदीच्या पुलावरून जीव मुठीत धरून जाणाऱ्या निर्वासितांचे दृश्य ही येथील प्रमुख प्रदर्शने आहेत. शेवटचे दृश्य मॅक्स डेसफोर यांनी १९५० मध्ये टिपलेल्या व पुढे पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या छायाचित्रावर आधारित आहे. हुंगनामच्या माघारीचे स्मारकही याच आवारात आहे. २०१८ मध्ये उद्यानापासून ग्येर्योंगसानच्या माथ्यापर्यंत मोनोरेल सुरू झाली. माथ्याजवळ संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याच्या संदेशवहन केंद्राचे अवशेष आहेत. तेथून गोह्यॉनची खाडी, गोदी आणि एकेकाळी तंबूंनी भरलेले खोरे एका दृष्टिक्षेपात येते.

वेदो आणि 'विंटर सोनाटा'

वेदो हे गोजेच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्यापासून सुमारे चार किलोमीटरवर असलेले खासगी मालकीचे बेट आहे. ली चांग-हो हे १९६९ मध्ये मासेमारीसाठी आले असता वादळामुळे त्यांना या बेटावर आश्रय घ्यावा लागला. त्या वेळी तेथे मोजकीच घरे होती आणि वीज नव्हती. ली आणि त्यांच्या पत्नी चोई हो-सुक यांनी टप्प्याटप्प्याने बेट विकत घेतले. संत्र्यांची लागवड थंडीने गेली आणि वराहपालनही यशस्वी झाले नाही. त्यानंतर त्यांनी उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची बाग फुलवली. हे उद्यान १९९५ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

'विंटर सोनाटा' ही २० भागांची मालिका जानेवारी ते मार्च २००२ या काळात केबीएस वाहिनीवर प्रसारित झाली. दिग्दर्शक यून सॉक-हो यांच्या या मालिकेत बे यॉंग-जून आणि चोई जी-वू यांच्या प्रमुख भूमिका होत्या. मालिकेतील तरुणपणाचे प्रसंग चुन्चॉनजवळील नामी बेटावर, तर अखेरच्या भागातील पुनर्भेट वेदोवर चित्रित झाली. दृष्टी गमावलेला नायक आणि त्याने बांधलेल्या घरात त्याला भेटणारी नायिका असा हा प्रसंग आहे. त्यात दिसणारे पांढरे घर वेदोच्या मालकांचे निवासस्थान होते.

ही मालिका २००३ पासून जपानमध्ये एनएचकेवर दाखवण्यात आली आणि तेथे ती विलक्षण लोकप्रिय झाली. चित्रीकरणाची स्थळे पाहण्यासाठी जपानी पर्यटक मोठ्या संख्येने कोरियात येऊ लागले. जपानी आरमाराशी झालेल्या लढाया आणि जपानी तोफांचे चौथरे यांच्या सान्निध्यात असलेल्या वेदोचाही या सहलींत समावेश झाला.

इतर स्थळे

हेगुमगांग हा समुद्रातून वर आलेला खडकांचा समूह असून तो राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नोंदलेला आहे. वेदोला जाणाऱ्या बहुतेक बोटी त्याला वळसा घालून जातात. समुद्र शांत असल्यास खडकांमधील अरुंद फटीतही बोट नेली जाते. दोजांगपो गावातील 'वाऱ्याची टेकडी' ही गवताळ टेकडी आणि तिच्यावरील पवनचक्की अनेक दूरचित्रवाणी कार्यक्रमांमुळे परिचित झाली आहे. हाकदोंग येथील किनारा वाळूऐवजी गुळगुळीत काळ्या गोट्यांचा आहे.

प्रवास

गोजेला रेल्वे किंवा विमानतळ नाही. १९७१ मध्ये बांधलेल्या पुलाने हे बेट तोंगयॉंगमार्गे मुख्य भूमीशी जोडले गेले. डिसेंबर २०१० मध्ये बुसानशी थेट जोडणारा ८.२ किलोमीटर लांबीचा गोगा मार्ग खुला झाला. यात दोन केबल-पूल आणि समुद्रतळावर बसवलेला बोगदा यांचा समावेश आहे. सर्वांत जवळचा विमानतळ बुसानचा गिमहे हा होय.

वेदोसाठी जांगसुंगपो, जिसेपो, गुजोरा, दोजांगपो आदी बंदरांतून बोटी सुटतात. बेटावर थांबण्याचा अवधी मर्यादित असतो, मुक्कामाची सोय नाही आणि आलेल्या बोटीनेच परतावे लागते. जिसिम बेटाच्या बोटी जांगसुंगपोहून निघतात. तेथील कॅमेलिया डिसेंबर ते एप्रिल या काळात फुलतात. वारा किंवा लाटा जोराच्या असल्यास फेऱ्या रद्द होतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील वादळांच्या दिवसांत ही शक्यता अधिक असते. छावणीचे उद्यान गोह्यॉन येथे असल्याने ते हवामानावर फारसे अवलंबून नाही.

साहित्य आणि चित्रपटांत

स्विस छायाचित्रकार वेर्नर बिशॉफ यांनी छावणीत घेतलेल्या छायाचित्रांपैकी एकात चेहऱ्यावर मुखवटे चढवून स्वातंत्र्यदेवतेच्या प्रतिकृतीसमोर नाचणारे कैदी दिसतात. कांग ह्यॉंग-चॉल दिग्दर्शित 'स्विंग किड्स' (२०१८) हा छावणीतील नृत्यपथकावरील चित्रपट या पार्श्वभूमीवर बेतलेला आहे. 'ओड टू माय फादर' (२०१४) या चित्रपटाचा आरंभ हुंगनामच्या माघारीने होतो.

चोई इन-हुन यांची 'ग्वांगजांग' (चौक) ही १९६० मधील कादंबरी आधुनिक कोरियन साहित्यात महत्त्वाची मानली जाते. तिचा नायक उत्तर आणि दक्षिण या दोन्ही व्यवस्था अनुभवतो, युद्धकैदी होतो आणि अखेरीस तटस्थ देश निवडतो. त्याला कोरियाबाहेर घेऊन जाणाऱ्या भारतीय जहाजाचे नाव कादंबरीत 'टागोर' असे आहे. नायक मात्र मुक्कामाला पोहोचत नाही. वाटेतच तो जहाजावरून नाहीसा होतो.